संघ शहर सोडून निघतो तेव्हा: स्थलांतराचा खटला कसा वाचावा

एखादा व्यावसायिक संघ आपले शहर सोडून दुसऱ्या शहरात जाणार असल्याची बातमी अमेरिकेत दर काही वर्षांनी येते, आणि तिच्या पाठोपाठ शहराने न्यायालयात धाव घेतल्याची बातमीही येते. अशा वेळी वर्तमानपत्रांत मालकाच्या लोभाला, चाहत्यांच्या संतापाला आणि महापौरांच्या भाषणांना भरपूर जागा मिळते; ज्या कागदांवर खटला उभा असतो ते कागद मात्र क्वचितच कोणी उघडून दाखवते. कायद्याचे विद्यार्थी, क्रीडा पत्रकार आणि अमेरिकेत राहून तिथल्या संघांवर जीव लावून बसलेले मराठी वाचक यांना असा खटला स्वतः वाचता यावा आणि त्याचा निकाल कोणत्या बाजूला झुकेल याचा अंदाज बांधता यावा, यासाठी कागद कोणत्या क्रमाने आणि कसे वाचावेत हे येथे सांगितले आहे.

वाचायला बसण्यापूर्वी तिथल्या लीगची रचना नीट समजून घ्यावी. अमेरिकेतील फुटबॉल (सॉकर नव्हे, तिथला वेगळा खेळ), बेसबॉल, बास्केटबॉल आणि आइस हॉकी यांच्या मोठ्या लीग बंदिस्त आहेत. संघ किती असावेत हे लीग, म्हणजे संघमालकच मिळून ठरवतात, आणि खालच्या श्रेणीतला संघ कितीही चांगला खेळला तरी त्याला वर प्रवेश मिळत नाही. परिणामी संघ हवा असलेली शहरे नेहमी जास्त आणि संघ कमी असतात. मैदान बांधायला जनतेच्या करातून पैसा द्या, नाहीतर शेजारचे शहर द्यायला तयार आहे, असे मालक सांगू शकतो ते या टंचाईमुळेच. शहर न्यायालयाची पायरी चढते तेव्हा ते बहुतेक वेळा दुबळी बाजू म्हणूनच चढते, आणि त्याच्या हातात काय आहे हे पाहण्यासाठी पुढील कागद तपासावे लागतात.

भाडेकरार सर्वांत आधी

संघ आणि मैदानाची मालक असलेली संस्था यांच्यातील भाडेकरार प्रथम मिळवावा. मैदान सार्वजनिक मालकीचे असेल तर हा करार मागता येतो, आणि दावा दाखल झाला असेल तर बहुधा तो दाव्याला जोडलेला असतो. मुदत कधी संपते हे सर्वच जण पाहतात. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, संघाने नेमके कशाचे वचन दिले आहे. वचन केवळ भाडे भरण्याचे असेल तर मालक उरलेल्या वर्षांचे भाडे मोजून मोकळा होऊ शकतो. घरचे सर्व सामने याच मैदानावर खेळण्याचे वचन असेल, आणि ते मोडल्यास पैशांऐवजी प्रत्यक्ष पूर्ततेची, म्हणजे ते वचनच पाळायला लावण्याची, मागणी करण्याचा हक्क शहराला दिलेला असेल, तर न्यायाधीश संघाला थांबवून ठेवू शकतात. हे एक कलम करारात आहे की नाही, यावर पुढचा सगळा खटला फिरतो.

या दृष्टीने सिअ‍ॅटलचा खटला अभ्यासण्यासारखा आहे. सुपरसॉनिक्स हा बास्केटबॉल संघ २००६ मध्ये ओक्लाहोमा सिटीचे व्यावसायिक क्ले बेनेट यांच्या गटाने ३५ कोटी डॉलरला विकत घेतला. विक्रीच्या करारात, संघ सिअ‍ॅटल परिसरात राहावा यासाठी नव्या बंदिस्त क्रीडागृहाचे प्रामाणिक प्रयत्न एक वर्षभर करण्याचे वचन होते. कीअरीना या शहराच्या मालकीच्या क्रीडागृहाचा भाडेकरार २०१० पर्यंत होता आणि घरचे सामने तिथेच खेळण्याचे बंधन त्यात स्पष्ट होते. संघाने मुदतीपूर्वी निघण्याची तयारी दाखवताच शहराने सप्टेंबर २००७ मध्ये दावा लावला आणि भरपाईऐवजी कराराची प्रत्यक्ष पूर्तता मागितली.

जून २००८ मध्ये न्यायाधीश मार्शा पेकमन यांच्यासमोर सहा दिवस सुनावणी झाली. येथे वाचकाने ईमेलकडे बारकाईने पाहावे. मालकगटातील एका भागीदाराने एप्रिल २००७ मध्ये बेनेट यांना विचारले होते की, पुढच्याच हंगामात संघ इकडे आणता येईल का, की सिअ‍ॅटलमध्ये आणखी एक निरर्थक हंगाम काढावा लागेल. त्यावर बेनेट यांनी, आपण झपाटलेले आहोत आणि शक्य ते सर्व करू, अशा आशयाचे उत्तर दिले. ती तळमळ संघ सिअ‍ॅटलमध्ये राखण्यासाठी होती, असे स्पष्टीकरण त्यांनी नंतर दिले. पण प्रश्नाखाली ते उत्तर ठेवून वाचणाऱ्याला ते पटणे कठीण होते. दुसरे भागीदार ऑब्री मॅक्लेंडन यांनी तर, संघ सिअ‍ॅटलमध्ये ठेवण्यासाठी घेतलाच नव्हता, असे एका वृत्तपत्राला सांगितले होते, आणि त्याबद्दल लीगने त्यांना अडीच लाख डॉलर दंड केला होता.

मात्र कागद दोन्ही बाजूंचे वाचावेत. शहराच्या बाजूच्या काही मंडळींनी नव्या मालकांना तोट्यात अडकवून संघ विकायला भाग पाडण्याची आखणी केली होती, हेही सुनावणीत बाहेर आले. जो न्यायालयाकडे न्याय्य उपाय मागतो त्याचे स्वतःचे वर्तन स्वच्छ असावे लागते, आणि संघाच्या वकिलांनी याच तत्त्वावर बोट ठेवले. निकाल २ जुलै २००८ रोजी दुपारी जाहीर व्हायचा होता. त्याच दुपारी तडजोड झाली: संघाने साडेचार कोटी डॉलर द्यायचे आणि लगेच ओक्लाहोमा सिटीला जायचे, पुढे काही अटींवर आणखी तीन कोटी द्यायचे, आणि सुपरसॉनिक्स हे नाव व त्याचे रंग सिअ‍ॅटलसाठी राखून ठेवायचे. त्या अटी पुढे जुळल्या नाहीत, त्यामुळे ते तीन कोटी द्यावे लागले नाहीत. न्यायाधीशांचा निकाल काय होता, हे जगासमोर कधीच आले नाही. करारात दोनच वर्षे उरली असताना शहराने एवढ्यावर समाधान मानायला हवे होते का, हा वाद तिथे आजही घालता येतो. माझे मत असे की, शहराची बाजू कागदावर बळकट होती, आणि दोन वर्षांत संघाला दुसरा खरेदीदार मिळण्याची जी शक्यता होती ती त्याने फार लवकर सोडून दिली.

प्रत्यक्ष पूर्ततेच्या कलमाची ताकद मिनेसोटात दिसली. नोव्हेंबर २००१ मध्ये बेसबॉलच्या मालकांनी दोन संघ बंद करण्याचा ठराव केला आणि मिनेसोटा ट्विन्स त्यांपैकी एक असणार, असे स्पष्ट दिसू लागले. हे स्थलांतर नव्हते, पण कायद्याचा प्रश्न तोच होता. संघाने २००२ च्या हंगामासाठी मेट्रोडोम मैदानाचा करार पुढे चालू ठेवला होता. मैदानाच्या सार्वजनिक संस्थेने मनाई हुकूम मिळवला आणि जानेवारी २००२ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने तो कायम केला. संघ गेल्याने समाजाचे होणारे नुकसान पैशांत मोजता येत नाही, हा त्यामागचा विचार होता. चाहत्याला मनात जे वाटते ते कायद्याच्या भाषेत इतक्या जवळून उतरलेले मला दुसरीकडे क्वचितच दिसले आहे. ट्विन्स २००२ चा हंगाम तिथेच खेळले, आणि संघ बंद करण्याची योजनाही बारगळली.

याउलट करारातले एखादे कलम शहराच्याच गळ्याशी येऊ शकते. सेंट लुईसने १९९५ मध्ये लॉस एंजेलिसहून रॅम्स हा फुटबॉल संघ आणला तेव्हा संघाला खूश करण्यासाठी करारात एक अट मान्य केली: ठरावीक वर्षी तपासले असता मैदान लीगमधील सर्वोत्तम एक-चतुर्थांश मैदानांत मोडले पाहिजे, नाहीतर दीर्घ मुदतीचा करार एकेका वर्षाचा होईल. दरम्यान इतर शहरांत नवी मैदाने उभी राहत गेली, त्यामुळे ही अट दर वर्षी अवघड होत गेली. प्रकरण लवादाकडे गेले, २०१३ मध्ये लवादाने संघाच्या बाजूने कौल दिला, आणि मैदान त्या दर्जाला आणण्याचा खर्च करणे मैदानाच्या संस्थेला परवडणारे नव्हते. २०१६ मध्ये संघ परत लॉस एंजेलिसला गेला तेव्हा भाडेकरार त्याला अडवू शकत नव्हता. म्हणून मैदान कसे ठेवावे याविषयीची कलमे वाचताना ती आजच्या दिवशी कशी दिसतात यापेक्षा वीस वर्षांनी त्यांचा अर्थ काय होईल, असे स्वतःला विचारावे.

लीगचा नियम आणि मक्तेदारीविरोधी कायदा

भाडेकरारानंतर लीगची घटना वाचावी. बहुतेक लीगमध्ये संघाला हलण्यासाठी इतर मालकांची परवानगी लागते; राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये तीन-चतुर्थांश मते लागतात. आता संघमालक हे एकमेकांचे व्यावसायिक स्पर्धक आहेत असे मानले, तर त्यांनी एकत्र येऊन एकाला बाजारपेठ नाकारणे हा १८९० च्या शर्मन या मक्तेदारीविरोधी कायद्याखाली व्यापारावर घातलेला बेकायदा निर्बंध ठरू शकतो. सगळी लीग मिळून एकच संस्था आहे असे मानले, तर कट करायला दुसरा पक्षच उरत नाही. स्थलांतराच्या वादातली खरी मेख येथे आहे.

१९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरातील हॉकी संघाला व्हँकुव्हरला जायचे होते आणि लीगने नकार दिला, तेव्हा कॅलिफोर्नियातील फेडरल (केंद्रीय) न्यायालयाने लीगची बाजू उचलून धरली आणि संघ हे आर्थिक अर्थाने एकमेकांचे स्पर्धक नाहीत, असे मानले. दहा वर्षांत चित्र पालटले. रॅम्स लॉस एंजेलिसचे कोलिझियम मैदान सोडून जवळच्याच अ‍ॅनाहाइमला गेल्यावर कोलिझियमला नवा संघ हवा होता, आणि ओकलंड रेडर्स या फुटबॉल संघाचे प्रमुख अल डेव्हिस यायला तयार होते. मार्च १९८० मध्ये मालकांनी २२ विरुद्ध ० मतांनी, पाच जण तटस्थ राहून, ही मागणी फेटाळली. कोलिझियम आणि रेडर्स लीगविरुद्ध उभे राहिले. पहिल्या खटल्यात ज्युरीचे एकमत झाले नाही. दुसऱ्यात मे १९८२ मध्ये ज्युरीने लीगविरुद्ध कौल दिला आणि रेडर्स त्याच वर्षी लॉस एंजेलिसला गेले. नवव्या सर्किटच्या, म्हणजे कॅलिफोर्नियासह पश्चिमेकडील राज्यांसाठीच्या, फेडरल अपील न्यायालयाने १९८४ मध्ये हा कौल कायम केला. ज्युरीने रेडर्सना सुमारे १ कोटी १५ लाख आणि कोलिझियमला सुमारे ४९ लाख डॉलर भरपाई ठरवली होती, आणि मक्तेदारीविरोधी कायद्याप्रमाणे अशी रक्कम तिप्पट होते. पुढे १९८६ मध्ये त्याच न्यायालयाने रेडर्सच्या भरपाईचा हिशेब नव्याने करायला सांगितला, कारण लॉस एंजेलिसची किफायतशीर बाजारपेठ त्यांना आयती मिळाली होती आणि तिचे मोल वजा व्हायला हवे होते.

हा निकाल वाचताना एक चूक टाळावी. लीगने परवानगी नाकारणे नेहमीच बेकायदा असते, असे न्यायालयाने म्हटलेले नाही. नियम वाजवी आहे की नाही हे प्रत्येक प्रकरणात तपासावे लागते, आणि लोकसंख्या, मैदानाची स्थिती, चाहत्यांची निष्ठा अशा वस्तुनिष्ठ कसोट्या लीगने लावल्या असत्या तर तिची बाजू बळकट झाली असती, असा त्याचा रोख होता. याच न्यायालयाने १९८७ मध्ये सॅन डिएगोहून परवानगीविना लॉस एंजेलिसला गेलेल्या क्लिपर्स या बास्केटबॉल संघाच्या प्रकरणात ते पुन्हा स्पष्ट केले. फुटबॉल लीगने १९८४ च्या निकालानंतर स्थलांतराचे लेखी धोरण तयार केले. संघाने आपल्या मूळ शहरात योग्य मैदान मिळवण्यासाठी प्रामाणिकपणे आणि नेटाने प्रयत्न केले पाहिजेत, असे त्यात लिहिले गेले. मालकांना खटल्यांपासून वाचवण्यासाठी तयार झालेल्या या कागदाने पुढे मालकांनाच अडचणीत आणले.

रॅम्सच्या २०१६ च्या स्थलांतराला मालकांनी ३० विरुद्ध २ मतांनी मंजुरी दिली आणि संघाकडून ५५ कोटी डॉलर स्थलांतर शुल्क घेतले. एप्रिल २०१७ मध्ये सेंट लुईस शहर, सेंट लुईस काउंटी आणि मैदानाची सार्वजनिक संस्था यांनी मिसुरी राज्याच्या न्यायालयात दावा लावला. त्यांनी मक्तेदारीविरोधी कायद्याचा रस्ता धरला नाही. स्थलांतर धोरण हा लीग आणि संघांमधील करार आहे, तो आमच्यासारख्या शहरांच्या हितासाठी केलेला आहे, म्हणून तो मोडल्यास त्रयस्थ लाभार्थी या नात्याने आम्ही दाद मागू शकतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्याला फसवणुकीचा आरोप जोडला होता: संघ हलणार हे आतून ठरलेले असताना नव्या मैदानाच्या आराखड्यावर आम्हाला कोट्यवधी खर्च करायला लावले, आणि मालक स्टॅन क्रोंके यांनी तर जानेवारी २०१४ मध्येच लॉस एंजेलिसजवळच्या इंगलवूडला जमीन घेतली होती. प्रकरण लवादाकडे पाठवावे ही प्रतिवादींची मागणी मिसुरीच्या न्यायालयांनी मान्य केली नाही, आणि मालकांच्या आर्थिक नोंदी उघड करण्याची वेळ आली. जानेवारी २०२२ मध्ये ज्युरीसमोर खटला सुरू होणार होता. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी ७९ कोटी डॉलरवर तडजोड झाली.

आता ओकलंडचे प्रकरण शेजारी ठेवावे. मधल्या काळात ओकलंडला परतलेले रेडर्स लास व्हेगसला निघाल्यावर, मार्च २०१७ मध्ये ३१ विरुद्ध १ मतांनी मंजुरी मिळाल्यावर, ओकलंडनेही दावे केले. मक्तेदारीविरोधी दावा नवव्या सर्किटने डिसेंबर २०२१ मध्ये फेटाळला, कारण लीगने संघांची संख्या वाढवली असती तर ओकलंडला नक्की संघ मिळाला असता, हे सांगणे केवळ अंदाजाचे होते. त्रयस्थ लाभार्थी असल्याचा दावा कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने २०२२ मध्ये नाकारला. धोरण शहरांच्या लाभासाठी केलेले नाही, असे त्याने म्हटले. धोरण एकच असूनही एका शहराला ७९ कोटी मिळाले आणि दुसऱ्याच्या हाती काही लागले नाही. दावा कोणत्या राज्यात, कोणत्या न्यायालयात आणि कोणत्या कारणाने लावला आहे हे पहिल्या पानावरच टिपून ठेवावे असे मी म्हणतो, ते यासाठी.

खेळ बेसबॉलचा असेल तर

बेसबॉलच्या बाबतीत मक्तेदारीविरोधी कायद्याचे प्रकरण जवळजवळ मिटवूनच ठेवावे. १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलचे प्रदर्शन हा आंतरराज्य व्यापार नाही असे मानले, म्हणून त्याला या कायद्यातून सूट मिळाली. ते तर्कशास्त्र आज टिकणारे नसले तरी १९५३ आणि १९७२ मध्ये न्यायालयाने ही सूट काढून घेण्यास नकार दिला आणि बदल करायचा तर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, करावा, असे सांगितले. १९९८ च्या कायद्याने खेळाडूंच्या नोकरीपुरती ती उठली, स्थलांतराला हात लागला नाही. ब्रेव्ह्स संघ मिलवॉकीहून अटलांटाला गेला तेव्हा विस्कॉन्सिन राज्याने स्वतःच्या कायद्याखाली खटला जिंकला होता, पण १९६६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो चार विरुद्ध तीन मतांनी उलटवला. सॅन होजे शहराला ओकलंडचा अ‍ॅथलेटिक्स संघ हवा होता आणि तो प्रदेश सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या हक्काचा म्हणून अडला होता. नवव्या सर्किटने २०१५ मध्ये त्याच १९२२ च्या परंपरेवर शहराचा दावा फेटाळला. हाच संघ लास व्हेगसला नेण्यास मालकांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये एकमताने मान्यता दिली, आणि ओकलंडमधला त्याचा शेवटचा सामना २६ सप्टेंबर २०२४ रोजी झाला.

राज्याची सत्ता

शहराला संघच ताब्यात घेता येईल का, हा विचार दोनदा गांभीर्याने झाला. रस्त्यासाठी शेत घेतात तसे सार्वजनिक हितासाठी, मोबदला देऊन, संघ संपादित करायचा. ओकलंडने १९८० मध्ये रेडर्सविरुद्ध असा दावा केला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, करारांचे जाळे असलेली अमूर्त मालमत्ताही तत्त्वतः संपादित करता येते, असे म्हणून दार उघडले. पण १९८५ मध्ये अपील न्यायालयाने ते बंद केले. एका शहराने असा संघ अडवला तर देशभरातल्या व्यापारावर, म्हणजे सगळ्या लीगवर, परिणाम होतो आणि राज्यघटना तसे करू देत नाही, असे कारण त्याने दिले.

बाल्टिमोरची गोष्ट याहून हृदयाला लागणारी आहे. कोल्ट्स या फुटबॉल संघाचे मालक रॉबर्ट इर्से यांची इंडियानापोलिसशी बोलणी चालू असताना मेरीलँडच्या विधिमंडळात संघ संपादित करण्याचा हक्क शहराला देणारे विधेयक पुढे सरकत होते. ते मंजूर होण्याची चिन्हे दिसताच २८ मार्च १९८४ च्या रात्री मेफ्लॉवर कंपनीचे ट्रक संघाच्या सराव केंद्रात शिरले, आणि पहाटेपर्यंत शिरस्त्राणांपासून कार्यालयातल्या कागदपत्रांपर्यंत सारे सामान राज्याच्या हद्दीबाहेर गेले होते. विधेयकावर राज्यपालांची सही झाली ती दुसऱ्या दिवशी. हे वरातीमागून आलेले घोडे होते: संपादनाची कारवाई सुरू झाली तेव्हा संघ मेरीलँडमध्ये नव्हता, म्हणून शहराला तो घेता येत नाही, असे फेडरल न्यायालयाने १९८५ मध्ये ठरवले. अशा प्रकरणात तारखांबरोबर तासही लिहून ठेवावेत.

ओहायोने वेगळा मार्ग काढला. मालक आर्ट मॉडेल यांनी नोव्हेंबर १९९५ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्स हा फुटबॉल संघ बाल्टिमोरला नेण्याची घोषणा केल्यावर राज्याने १९९६ मध्ये कायदा केला. करदात्यांच्या पैशावर उभ्या असलेल्या मैदानात खेळणाऱ्या आणि सरकारी साहाय्य घेणाऱ्या संघाने शहराच्या संमतीशिवाय हलायचे असेल, तर सहा महिन्यांची पूर्वसूचना द्यावी आणि त्या काळात स्थानिकांना संघ विकत घेण्याची संधी द्यावी, असे तो कायदा सांगतो. २०१७ मध्ये कोलंबस क्रू या सॉकर संघाच्या मालकांनी ऑस्टिनला जाण्याचा विचार जाहीर केला, तेव्हा राज्य आणि शहराने मार्च २०१८ मध्ये याच कायद्याखाली दावा केला. न्यायालयाने कायद्याच्या वैधतेवर अंतिम शब्द दिला नाही, पण दाव्याने वेळ मिळवून दिला, चाहत्यांनी संघटितपणे तिकिटांची हमी गोळा केली, आणि स्थानिक खरेदीदार पुढे आल्याने संघ कोलंबसमध्येच राहिला. कायदा वाचताना त्याची चालू आवृत्तीच वाचावी. ब्राउन्सच्या उपनगरातील नव्या मैदानावरून वाद चालू असताना २०२५ मध्ये राज्याने हा कायदा राज्याबाहेर जाणाऱ्या संघांपुरता मर्यादित केला.

चाहते कुठे असतात

खटल्याच्या शीर्षकात चाहत्यांचे नाव सहसा नसते. पन्नास वर्षे हंगामाचे तिकीट घेणाऱ्या माणसाचा भाडेकराराशी संबंध नसतो आणि लीगच्या घटनेशीही नसतो, त्यामुळे न्यायालयाच्या दृष्टीने तो त्रयस्थ ठरतो. मला ही या कायद्याची सर्वांत मोठी उणीव वाटते. चाहत्याला काही मिळालेच तर ते शहराच्या हातून, तडजोडीतून मिळते, म्हणून तडजोडीचा कागद शेवटच्या कलमापर्यंत वाचावा. क्लीव्हलँडने भाडेकराराच्या जोरावर मनाई हुकूम मिळवला आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये जी तडजोड केली तिच्यात ब्राउन्सचे नाव, रंग आणि विक्रमांचा इतिहास शहरातच राहील आणि १९९९ पर्यंत नवा संघ येईल, हे लिहून घेतले. मॉडेल खेळाडू घेऊन गेले. त्यांचा संघ बाल्टिमोर रेव्हन्स झाला. १९९९ मध्ये क्लीव्हलँडच्या मैदानावर पुन्हा ब्राउन्स उतरले. बाल्टिमोरला मात्र कोल्ट्स हे नाव परत मिळाले नाही.

मालक दिवाळखोरीत गेला तर दिवाळखोरी न्यायालयाचे कागद वेगळे मागवावे लागतात. फीनिक्सच्या हॉकी संघाच्या प्रकरणात २००९ मध्ये कॅनडाचे उद्योजक जिम बाल्सिली यांनी २१ कोटींहून अधिक डॉलर देऊन संघ कॅनडातील हॅमिल्टनला नेण्याची तयारी दाखवली होती. जास्त पैसे मिळतात एवढ्यावरून लीगचा स्थान ठरवण्याचा हक्क डावलता येणार नाही, असे न्यायाधीशांनी म्हटले. पुढे ते घोंगडे कित्येक वर्षे भिजत पडले.

आपल्याकडच्या वादांना हीच पद्धत लावताना

आयपीएलच्या वादांना अमेरिकी निकाल जसेच्या तसे लावू नयेत. आपल्याकडे फ्रँचायझीचा हक्क बीसीसीआयशी केलेल्या करारातून येतो, आणि मोठे वाद फ्रँचायझी रद्द करण्यावरून झाले. डेक्कन चार्जर्सच्या प्रकरणात लवादाने २०२० मध्ये दिलेला सुमारे ४,८०० कोटी रुपयांचा निवाडा मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रद्द केला. न्यायालयाच्या आदेशाने सामने हलल्याचे उदाहरण मात्र महाराष्ट्रातच आहे. २०१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी पोचवले जात असताना मैदानांवर पाणी वापरण्यास हरकत घेणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयात आली, आणि ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर नेण्याचा आदेश झाला. अंतिम सामना मुंबईऐवजी बंगळुरूला खेळला गेला. तिथे याचिका करणाऱ्यांकडे भाडेकरार नव्हता आणि लीगचे धोरणही नव्हते. जनहित याचिका या मार्गाने त्रयस्थ नागरिकाला दाद मागता आली. अमेरिकी चाहत्याला हा दरवाजा उपलब्ध नाही.

कागद वाचून झाल्यावर एका पानावर तारखांचा तक्ता करावा. सेंट लुईसचा तक्ता केला तर १९९५ चा करार, २०१३ चा लवादाचा कौल, जानेवारी २०१४ ची जमीनखरेदी, १२ जानेवारी २०१६ चे मतदान, एप्रिल २०१७ चा दावा आणि नोव्हेंबर २०२१ ची तडजोड एकाखाली एक येतात, आणि जमीनखरेदी व मतदान यांच्यामधल्या दोन वर्षांत शहराने काय खर्च केला हाच दाव्याचा गाभा असल्याचे लगेच दिसते. तडजोडीमुळे एक प्रश्न मात्र मिसुरीत अनिर्णित राहिला: धोरणाचा लाभार्थी म्हणून शहर दाद मागू शकते का. त्यावर अपील न्यायालयाचे उत्तर आहे ते कॅलिफोर्नियाचे, आणि ते नकाराचे आहे. म्हणून पुढच्या ज्या शहराच्या दाव्यात सेंट लुईसचा उल्लेख दिसेल, त्या दाव्यात ओकलंडच्या निकालाला काय उत्तर दिले आहे, हे पान आधी शोधावे.